सस्तन : एक शब्द आणि तो घडवणारा माणूस



प्राण्यांच्या वर्गीकरणाचा धडा आला की फळ्यावर एक शब्द लिहावाच लागतो : सस्तन. तो लिहिला की मागच्या बाकांवर खुसखुस सुरू होते, काही मुली वहीत डोके घालतात, आणि आपणही पिल्लांना दूध पाजणारे ते सस्तन प्राणी एवढी व्याख्या उरकून पुढच्या मुद्द्याकडे वळतो. परीक्षेत एक गुण मिळून जातो. पण त्या शब्दात काय साठवलेले आहे, ते मुलांपर्यंत पोचतच नाही.

बघा, स्तन असलेला तो सस्तन. ही कल्पना मुळात लॅटिन भाषेतल्या मॅमेलिया या शब्दातून आली. मॅमा म्हणजे स्तन. १७५८ साली, म्हणजे मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या त्याच वर्षी, दूर स्वीडनमध्ये एका माणसाने हे नाव छापले. दुसरी अनेक नावे देता आली असती, तरी त्याने हेच निवडले. तो वनस्पतीशास्त्रज्ञ होता, डॉक्टर होता, प्राध्यापक होता आणि सात मुलांचा बाप होता. त्याचे नाव कार्ल लिनियस. त्यांचे आयुष्य समजून घेतले, तर हा शब्द वर्गात उच्चारताना आपला आवाज खाली जाणार नाही, असे मला वाटते. म्हणून आज त्यांचे चरित्र, आपल्या जुन्नर-आंबेगावच्या प्राण्यांना सोबत घेऊन.

झाडावरून पडलेले आडनाव

स्वीडनच्या दक्षिणेला स्मोलँड नावाचा प्रांत आहे. तिथल्या रोशुल्ट या खेड्यात २३ मे १७०७ रोजी कार्लचा जन्म झाला. औरंगजेब मरण पावला आणि शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले, तेच हे वर्ष.

कार्लचे वडील निल्स हे चर्चमधले धर्मगुरू. त्या काळी स्वीडनच्या खेड्यांत आडनाव लावायची पद्धत नव्हती. बापाच्या नावावरून मुलाची ओळख सांगत. निल्स विद्यापीठात गेले तेव्हा आडनाव लागले. घरच्या जमिनीत लिंडेनचे एक मोठे झाड होते, त्यावरून त्यांनी लिनियस हे आडनाव घेतले. आपल्याकडे गावावरून आडनावे पडली, तसेच हे. ज्याने पुढे जगातल्या हजारो झाडांना आणि प्राण्यांना नावे दिली, त्याचे स्वतःचे आडनाव एका झाडाने दिलेले होते.

निल्स यांना बागेचा मोठा नाद. लहानग्या कार्लला त्यांनी बागेतला एक तुकडा त्याच्या हक्काचा करून दिला होता. त्यामुळे झाडांची नावे त्याला भराभर पाठ होत. शाळेत मात्र उलटे चित्र होते. मुलाने आपल्यासारखे धर्मगुरू व्हावे ही बापाची इच्छा. पण त्यासाठी लागणाऱ्या विषयांत कार्लचे लक्ष नसे. शेवटी शिक्षकांनी वडिलांना सांगून टाकले, की याला शिकवण्यात अर्थ नाही, एखाद्या कारागिराच्या हाताखाली घाला.

इथे एका शिक्षकाचे नाव घ्यायलाच हवे. योहान रोथमन हे डॉक्टर, आणि शाळेत शिकवतही. मुलगा धर्मगुरू होणार नाही हे त्यांनाही दिसत होते. पण तो चांगला वैद्य होईल, हेही दिसत होते. त्यांनी वडिलांची समजूत घातली, कार्लला स्वतःच्या घरी ठेवून घेतले आणि शरीरशास्त्र व वनस्पतीशास्त्र शिकवले. एका शिक्षकाने नापास ठरलेल्या मुलात वेगळे काही पाहिले, म्हणून पुढचे सगळे घडले. पालकहो, निकालाच्या दिवशी ही गोष्ट जरूर आठवा.

घोड्याचा जबडा

१७२७ मध्ये कार्ल लुंड विद्यापीठात गेला आणि पुढच्या वर्षी उप्साला विद्यापीठात. खिशात पैसे नव्हते. उप्सालाला ओलोफ सेल्सियस या विद्वानाने त्याला घरात आश्रय दिला. तापमापकावरून आपल्याला ठाऊक असलेल्या अँडर्स सेल्सियस यांचे हे काका.

१७३२ मध्ये, पंचविशीत, कार्ल एकटाच उत्तरेकडच्या लॅपलँड प्रदेशाच्या प्रवासाला निघाला. कधी घोड्यावर, कधी पायी. हा रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांचा मुलूख. आपले धनगर मेंढरांमागे जसे रानोमाळ फिरतात, तसे हे लोक कळपामागे फिरत आणि रेनडियरच्या दुधावर, चीजवर, मांसावर जगत. त्या रोजनिशीत एक छोटी नोंद आहे. वाटेत त्याला घोड्याचा खालचा जबडा दिसला. त्याने त्यातले दात मोजले आणि एक विचार टिपून ठेवला : कोणत्या प्राण्याला किती आणि कसे दात आहेत, आणि किती सड आहेत व ते शरीरावर कुठे आहेत, एवढे जर समजले, तर चार पायांच्या सगळ्या प्राण्यांची नैसर्गिक मांडणी करता येईल.

बघा, बीज इथेच पडले. गाईम्हशींचे सड तर खेड्यातले प्रत्येक पोर बघते. पण ते मोजून त्यावरून प्राण्यांचे नातेगोते लावता येईल, हे या तरुणाला सुचले. ते बीज उगवायला पुढे सव्वीस वर्षे लागली.

देवमासा माशांत

१७३५ मध्ये लिनियस नेदरलँड्सला गेले, तिथे वैद्यकाची पदवी घेतली आणि त्याच वर्षी एक पुस्तक छापले. त्याचे नाव सिस्टेमा नॅच्युरे, म्हणजे निसर्गाची व्यवस्था. आकाराने मोठे, पण पाने डझनभरच. त्यात दगड, वनस्पती आणि प्राणी या तिघांचीही मांडणी होती.

या पहिल्या आवृत्तीत आपल्या आजच्या सस्तन प्राण्यांच्या गटाला चतुष्पाद, म्हणजे चार पायांचे, असे नाव होते. ग्रीक विद्वान अॅरिस्टॉटलच्या काळापासून चालत आलेली ही कल्पना. पण तिच्यात दोन अडचणी होत्या. देवमाशाला पाय नाहीत, म्हणून तो माशांत गेला. आणि माणसाला लिनियस यांनी या गटात बसवले, तर लोक विचारू लागले की दोन पायांवर चालणारा माणूस चतुष्पाद कसा? पायांवरून नाव ठेवले की एक जण बाहेर राहतो आणि एक जण आत अवघडतो, असे झाले.

डॉक्टर आणि बाप

१७३८ मध्ये लिनियस स्वीडनला परतले आणि स्टॉकहोममध्ये डॉक्टरकी करू लागले. १७३९ मध्ये सारा एलिझाबेथ यांच्याशी त्यांचे लग्न झाले. १७४१ मध्ये ते उप्साला विद्यापीठात वैद्यकाचे प्राध्यापक झाले. त्यांना एकूण सात मुले झाली. त्यातली दोन लहानपणीच गेली. १७४४ मध्ये जन्मलेली एक मुलगी तर काही दिवसांचीच होती. त्या काळात असे घर विरळा नव्हते. पाळणा हलायचा आणि थांबायचा. स्वीडन सरकारने १७४९ पासून देशभरातल्या जन्म-मृत्यूंची मोजदाद सुरू केली होती, त्यामुळे किती लेकरे दगावतात हे कागदावर दिसू लागले. लिनियस यांचे विद्यापीठातले सहकारी निल्स रोसेन यांनी तर १७६४ मध्ये बालरोगांवर पुस्तकच लिहिले आणि आईच्या दुधाचा आग्रह धरला.

युरोपातल्या श्रीमंत घरांत त्या वेळी बाळाला आई अंगावर पाजत नसे. दाई ठेवत किंवा बाळाला खेड्यातल्या दाईकडे पाठवून देत. दाईचे स्वतःचे लेकरू मग अर्धपोटी राही. १७५२ मध्ये लिनियस यांच्या हाताखाली या विषयावर एक प्रबंध निघाला. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ होतो सावत्र दाई. आईने स्वतःचे दूध न पाजणे हे निसर्गाच्या विरुद्ध आहे आणि त्यात बाळ-बाळंतीण दोघांनाही धोका आहे, अशी त्यात मांडणी होती. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दुधाने बाळाचे पोट साफ होते, दाईकडच्या बाळाला ते मिळत नाही, हेही त्यात होते. आणि एक तुलना होती : प्रचंड देवमासा, भयंकर सिंहीण, क्रूर म्हटली जाणारी वाघीण, यासुद्धा आपल्या पिल्लांना मायेने पाजतात, मग माणसाच्या आईने का मागे राहावे?

हे वाचल्यावर आपल्या भागातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर वाघीण येत नाही, बिबट्याची मादी येते. तिच्याकडे येऊच.

१७५८ : नाव ठरले

या प्रबंधानंतर सहा वर्षांनी सिस्टेमा नॅच्युरेची दहावी आवृत्ती निघाली. डझनभर पानांचे पुस्तक आता जाडजूड ग्रंथ झाले होते आणि त्यात चार हजारांहून अधिक प्राणी होते. प्रत्येकाला दोन शब्दांचे नाव. प्राण्यांचे सहा वर्ग केले होते : सस्तन, पक्षी, उभयचर, मासे, कीटक आणि कृमी. चतुष्पाद हा शब्द गेला होता.

आता खरा प्रश्न मुलांना विचारा. या प्राण्यांत सारखे काय काय आहे? सगळ्यांच्या अंगावर थोडेफार तरी केस असतात. हृदयाचे चार कप्पे असतात. कानात तीन छोटी हाडे असतात. केसाळ असे नाव ठेवले असते, तरी चालले असते. शिवाय केस नरालाही असतात आणि मादीलाही. दूध मात्र अर्धाच वर्ग पाजतो. नर घोड्याला तर स्तनाग्रेही नसतात, असा आक्षेप त्या काळीच निघाला होता. तरीही लिनियस यांनी दूध हीच खूण धरली. ज्या डॉक्टरने सहा वर्षांपूर्वी आईच्या दुधाची बाजू घेतली होती, त्यानेच हे नाव ठेवले, हा योगायोग नसावा असे अनेक अभ्यासक मानतात.

या एका नावाने जुन्या दोन्ही अडचणी सुटल्या. देवमाशाला पाय नसतील, पण मादी पिल्लाला दूध पाजते. तो माशांतून निघून आपल्यात आला. माणूस दोन पायांवर चालत असेल, पण जन्मल्यावर तोही आईच्या कुशीतच शिरतो. तोही बिनतक्रार आत आला. याच पुस्तकात माणसाला होमो सेपियन्स हे नाव मिळाले.

गंमत म्हणजे माणूस, माकड आणि वटवाघूळ यांना लिनियस यांनी एकाच उपगटात बसवले होते. एक मोठी खूण होती छातीवरचे दोन स्तन. सड मोजण्याची जुनी कल्पना इथे कामाला आली. वटवाघळाला आज वेगळा गट आहे, पण निरीक्षण खरे आहे : वड-पिंपळाला उलट्या लटकलेल्या वटवाघळाचे पिल्लू आईच्या छातीला बिलगूनच दूध पिते.

आपल्या जुन्नर-आंबेगावात

आता पुस्तक मिटून बाहेर बघा. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, बिबट्या आणि माणूस : या सहाही जणांची शास्त्रीय नावे त्याच १७५८ च्या ग्रंथातून आली आहेत. भीमाशंकरच्या जंगलातला शेकरू, आपल्या राज्याचा प्राणी, त्याचे शास्त्रीय वर्णन १७७७ मध्ये एका जर्मन अभ्यासकाने लिनियस यांच्याच पद्धतीने केले. तेव्हा लिनियस हयात होते. पुढे विल्यम साइक्स हा इंग्रज अधिकारी पुणे प्रांतात हिंडला. जुन्नरच्या लेण्यांतले शिलालेखही त्याने उतरवून घेतले होते. त्याने १८३१ मध्ये दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी लंडनमध्ये छापली आणि कोळसुंद्याच्या नावात आपल्या दख्खनचे नाव घातले. स्वीडनमधल्या कल्पनेने आपल्या डोंगरदऱ्या अशा गाठल्या.

पण हे सगळे प्राणी पाजतात कसे? आईच्या शरीरात दुग्धग्रंथी असतात. त्यातल्या पेशी रक्तातून लागणारी द्रव्ये घेतात आणि दूध बनवतात. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक दूध बनवायला लावते. पण बनलेले दूध आपोआप बाहेर येत नाही. पिल्लू लुचू लागले की तो स्पर्श मेंदूपर्यंत पोचतो, ऑक्सिटोसिन हे दुसरे संप्रेरक सुटते, ग्रंथींभोवतीचे बारीक स्नायू आवळतात आणि दूध उतरते. पुस्तकात हे अवघड वाटते. पण आपल्या भाषेत त्याला एकच शब्द आहे : पान्हा. धार काढण्याआधी पारडू थोडे लुचायला सोडतात, ते म्हशीला पान्हवण्यासाठी. नवा माणूस बसला, गोठ्यात गोंगाट झाला की म्हैस पान्हा चोरते. कारण घाबरलेल्या शरीरात ऑक्सिटोसिनचे काम अडते. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हे आधीच माहीत असते; आपण फक्त त्याला शास्त्रातली नावे द्यायची.

माणसालाही हेच लागू आहे, हे घरच्यांनी विशेष लक्षात घ्यावे. बाळंतिणीला दूध कमी पडतंय, असे चार जणी येऊन सांगू लागल्या की ती घाबरते आणि मग खरेच दूध उतरायला अडचण होते. तिला टोमणे नकोत. स्वस्थपणा हवा, आणि बाळ वारंवार अंगाला हवे. बाळ जितके ओढेल, तितके दूध बनत राहते.

प्रत्येक आईचे दूध तिच्या पिल्लाच्या गरजेचे असते. म्हशीच्या दुधात ६ ते ८ टक्के स्निग्धांश असतो. थंड समुद्रातल्या देवमाशाच्या दुधात ३० टक्क्यांहून जास्त, कारण पिल्लाच्या अंगावर लवकर चरबी चढायला हवी. गाईच्या दुधात प्रथिने साधारण ३ टक्क्यांच्या वर, आणि आईच्या दुधात साधारण १ टक्का. म्हणजे आईचे दूध कमी प्रतीचे का? अजिबात नाही. वासरू जन्मल्यावर तासा-दोन तासांत उभे राहते, त्याला भराभर हाडे-मांस वाढवायचे असते. आपले बाळ वर्षाने चालते. त्याचा मेंदू मात्र झपाट्याने वाढत असतो, आणि आईच्या दुधातली दुग्धशर्करा गाईच्या दुधापेक्षा जास्त, साधारण ७ टक्के असते. वासराचे दूध वासराला, बाळाचे बाळाला.

आता बिबट्याची मादी. कुकडी आणि घोडच्या पाण्याने आपल्याकडे ऊस वाढला आणि तिला दाट, गार, पाण्याजवळची जागा मिळाली. ती उसातच विते. बछडे जन्मतात तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले असतात आणि पहिले काही आठवडे ते केवळ तिच्या दुधावर जगतात. ती त्यांना सरीत लपवून शिकारीला जाते आणि परत येऊन पाजते. ऊसतोडीच्या वेळी असे एकटे बछडे सापडतात. ते अनाथ नसतात; आई जवळपास असते. अशा वेळी त्यांना हात लावू नये, गर्दी करू नये, फोटो काढत बसू नये, तोड थांबवून वनविभागाला कळवावे. वनविभाग बछडे त्याच जागी सुरक्षित ठेवतो आणि रात्री आई येऊन घेऊन जाते. आपल्या भागात असे अनेकदा घडले आहे. बिबट्याची भीती खोटी नाही, आपण माणसे गमावली आहेत. पण पिल्लू हरवलेली आई जास्त धोकादायक असते, हे मुलांना सांगणे त्यांच्याच सुरक्षेचे आहे.

चीक : जनावराचा आणि माणसाचा

गाय-म्हैस व्याली की पहिले दोन-तीन दिवस पिवळसर, दाट दूध येते. त्याला आपण चीक म्हणतो. जाणता शेतकरी पहिला चीक वासराला पाजतो, उरेल त्याचा खरवस करतो. यामागे पक्के शास्त्र आहे. गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात, आणि पहिल्या काही तासांतच त्याचे आतडे ती नीट शोषून घेते. चीक चुकला की वासरू दगावू शकते.

माणसाच्या आईलाही पहिले काही दिवस चीकच येतो. बाळाला काही प्रतिकारशक्ती गर्भातच मिळालेली असते, तरी या चिकातली द्रव्ये त्याच्या कोवळ्या आतड्याला आतून अस्तर लावल्यासारखे राखतात. मात्रा थोडी असते, कारण बाळाचे पोटही एवढेसेच असते. पण आपल्याकडे कित्येक घरांत हे दूध घाण, जड किंवा शिळे समजून पिळून टाकत आणि बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवत. काही घरांत आजही तसे होते. विचार करा : वासराला चीक हवा हे ज्या घराला कळते, शेजारून आलेला खरवस जे घर आवडीने खाते, तेच घर आपल्या लेकराचा चीक टाकून देते!

जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी घ्यावे, पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, वरचे पाणीही नको, आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षे किंवा अधिक काळ पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात करायलाही १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. आपल्या अंगणवाडीताई आणि आशाताई हेच घरोघर सांगतात. सातवी-आठवीतल्या मुलीने आणि मुलानेही हे शाळेत नीट ऐकले असेल, तर घरात वहिनीच्या किंवा बहिणीच्या बाळंतपणात एक शब्द बोलणारे कोणी तरी असेल.

लिनियस कुठे चुकले

थोर माणसाचे सगळेच बरोबर असते, असे मुलांना शिकवू नये. दाईच्या दुधातून तिचा स्वभाव बाळात उतरतो, अशी त्या काळची समजूत लिनियस यांनीही मानली. ती चूक होती. दुधातून पोषण जाते, प्रतिकारशक्ती जाते. जात, कुळ किंवा स्वभाव जात नाही. आपल्या इतिहासात याचे सुंदर उदाहरण आहे. संभाजी महाराजांचा जन्म १६५७ मध्ये पुरंदरावर झाला. मातोश्री सईबाई आजारी होत्या, तेव्हा कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी बाळराजांना दूध पाजले. त्यांना सावत्र कोण म्हणेल? महाराष्ट्र त्यांचे नाव दूधआई म्हणून आदराने घेतो. आज हेच काम दूधपेढी करते. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये अशी पेढी सुरू झाली; आशियातली ती पहिली. आईला पाजता आले नाही तर दोष तिचा नसतो, दुसरी वाट असते, हे सांगायला विसरू नका.

दुसरी चूक मोठी आहे. ज्या पुस्तकात त्यांनी सगळ्या माणसांना एक नाव दिले, त्यातच त्यांनी खंडांनुसार माणसांचे चार प्रकार पाडून त्यांना बरे-वाईट स्वभाव चिकटवले. पुढे वंशभेद करणाऱ्यांनी अशाच कल्पनांचा आधार घेतला. विज्ञानाने ते खोडून काढले आहे.

अखेरचे दिवस

१७६१ मध्ये स्वीडनच्या राजाने त्यांना सरदारकी दिली. उप्सालाजवळ हामरबी इथे त्यांनी शेत-घर घेतले होते. उन्हाळ्यात विद्यार्थी तिथे जमत. त्यांचे कितीतरी विद्यार्थी झाडे आणि प्राणी शोधत जगभर गेले, काही परत आलेच नाहीत. १७७४ मध्ये लिनियस यांना पक्षाघाताचा झटका आला. ज्याने हजारोंना नावे दिली, त्याची स्मरणशक्ती हळूहळू गेली. १० जानेवारी १७७८ रोजी त्यांचे निधन झाले. उप्सालाच्या मोठ्या चर्चमध्ये त्यांचे दफन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी ऑस्ट्रेलियातून प्लॅटिपस हा प्राणी युरोपात पोचला. चोच बदकासारखी, अंडी घालणारा, आणि स्तनाग्रे नाहीत. पुढे कळले की त्याच्या मादीच्या कातडीतून दूध पाझरते आणि पिल्ले ते चाटतात. तोही सस्तनच ठरला. दुधाची खूण इतकी पक्की निघाली.

वर्गात काय करता येईल

मुलांना लिनियस यांचा अभ्यास द्या. आपापल्या घरी, गोठ्यात, वाड्यावर सड मोजून यायला सांगा. गाय-म्हशीला चार, शेळी-मेंढीला दोन, कुत्रीला आठ ते दहा. मग विचारा : ज्यांना सड जास्त, त्यांना एका वेळी पिल्ले किती होतात? तक्ता मुलेच भरतील आणि नाते त्यांनाच दिसेल. पिल्लांची नावे लिहून घ्या : वासरू, पारडू, करडू, कोकरू, बछडा. शेवटच्या ओळीत बाळ हा शब्द मुद्दाम लिहायला लावा. जनावरांविषयी मोकळेपणी बोलणारी मुले त्या ओळीपर्यंत आपोआप येतात, आणि तिथे हसू येत नाही. खुसखुस झालीच तर रागावू नका. आपला चेहरा साधा असला की तीही शमते.

आणि व्याख्या सांगताना घाई करू नका. शब्द मोठ्याने वाचा, त्याची फोड करा, त्यामागच्या डॉक्टरची गोष्ट सांगा. मानवजात, उसातली मादी, गोठ्यातली म्हैस आणि समुद्रातला देवमासा यांना एका ओळीत आणणारी ही खूण आहे. समोर बसलेल्या प्रत्येक मुलाने जन्मल्यावर पहिली चव घेतली ती दुधाची, आणि कुणी तरी त्याला कुशीत घेऊन ते पाजले, म्हणून तो आज आपल्या वर्गात आहे.